वाकून पाहिलेला मुलूख
(प्रस्तावना)

बालाघाटची रांग लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या आसपास येईपर्यंत पार दमून जाते. तिला डोंगर म्हणायचं ते सवयीनं. मुरमाड माळ, उतार, मधे एखादा कोरडा ओढा, पुन्हा माळ. पांदीच्या दोन्ही अंगांना वेडी बाभूळ. सरकारदरबारी तालुका डोंगरी असला, तरी निसर्ग पाहायचा म्हटल्यावर आमच्याकडची माणसं नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडे बोट दाखवतात. तिथं सागवान आहे, सहस्रकुंडाचा धबधबा आहे. इथं काय आहे? राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत लातूरचं नाव येतं, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

बाहेरच्यांनी या भागाचा फोटो काढला तोही एकाच प्रकारचा. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत तडकलेल्या जमिनीचं चित्र छापून आलं. तळ्याचा गाळ, त्याला पडलेल्या भेगा, लांबवर डोक्यावर घागर घेतलेली बाई. चित्र खोटं नव्हतं. पण ते उभ्यानं आणि लांबून काढलेलं होतं. त्याच गाळाच्या भेगेत हात घातला, तर गोड्या पाण्यातले शिंपले निघतात. बाहेरून मातकट काळे, आतून मोत्याच्या झळाळीचे. पाणी मागं मागं सरकत गेलं त्या क्रमानं ते पडलेले असतात, म्हणजे काठापासून आत चालत गेलं की तळं कसं आटलं ते पावलागणिक वाचता येतं. बगळ्यांच्या पायांचे ठसे ओल्या गाळात उमटून तसेच वाळलेले असतात. हे सगळं त्या प्रसिद्ध फोटोतही असणारच, फक्त दिसत नाही.

या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे. मराठवाड्याचा हा कोपरा लांबून पाहण्यासारखा नाही. तो खाली वाकून, एकेक वस्तू हातात घेऊन पाहायचा आहे. पुढच्या पानांतल्या वस्तू जळकोट तालुक्यात, उदगीरच्या रस्त्याला, तिरू नदीच्या काठानं आणि शेजारच्या मुखेड-कंधारच्या शिवारात पायी फिरताना सापडल्या. काही उचलून आणल्या, बऱ्याचशा जागच्या जागी फोटो काढून तिथंच सोडल्या. बिया, शेंगा, काटे, पिसं, दगड, कात, घरटी, गोगलगायीचे शंख. यातली एकही वस्तू दुर्मीळ नाही. दुर्मीळ गोष्टींचा नाद असलेल्यांनी इथंच थांबलेलं बरं.

मराठीत निसर्गावर थोडं लिहिलं गेलंय असं नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 सालचं. सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत जंगलं पायाखाली घातली आणि पाखरांना, झाडांना मराठी नावं मिळवून दिली. पण या लेखनातले डोंगर बहुधा सह्याद्रीचे आणि जंगलं विदर्भाची. मधला मुलूख एसटीच्या खिडकीतून मागं जातो. याला इतिहासाचंही एक कारण आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात सिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातला वनस्पतींचा अभ्यासक आजही त्याच्यापासून सुरुवात करतो. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. इलाख्याची हद्द संपली तिथं कुकसाहेबांचा ग्रंथही संपला. आमचा उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो उस्मानाबादला जोडला गेला, आणि 1982 साली लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा लातूरला. जळकोट त्या उदगीरातूनच पुढं तालुका म्हणून निघालं. म्हणजे गाव जागचं हललं नाही आणि जिल्हे मात्र तीन झाले.

ही उणीव भरून काढली ती औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनी. त्यांचा उस्मानाबादच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1979 चा. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच असल्यामुळे आमचं शिवारही त्या जिल्ह्याच्या हद्दीत येत होतं. पुढं 1998 मध्ये सबंध मराठवाड्याच्या वनस्पतींचे दोन खंड त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. इंग्रजीतली, शास्त्रीय वर्णनांची ही पुस्तकं रस्त्यानं जाणाऱ्या माणसासाठी लिहिलेली नाहीत. तरी ज्याला बांधावरच्या गवताचं खरं नाव हवं असेल त्याला शेवटी त्यांच्याच दारात जावं लागतं.

पुस्तकाची मांडणी कशी करायची यावर बराच घोळ झाला. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा हे तीन ढीग फार मोठे पडतात. वसंत, ग्रीष्म वगैरे सहा ऋतू पुस्तकात शोभतात. आमच्या माळावर शरद आणि हेमंत यांच्यात फरक करणारा माणूस मला भेटलेला नाही. चैत्र-वैशाख हे महिने चंद्राचे, अधिक महिना आला की सरकतात. मग आठवलं, शेतकरी पावसाळा मोजतो तो नक्षत्रांनी, आणि ही नक्षत्रं सूर्याची. मृग दरवर्षी सात-आठ जूनलाच निघतं. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. त्यामुळे यंदाच्या मघातली नोंद गेल्या मघातल्या नोंदीशेजारी बिनदिक्कत ठेवता येते. पंचांगातली वाहनं, म्हणजे यंदा कोल्हा का बेडूक, ती मी सोडून दिली. पाऊस त्यांचं किती ऐकतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्वाती सरली की मात्र नक्षत्रं कुणी मोजत नाही. म्हणून पुढचं वर्ष येळवस (वेळ अमावस्या), संक्रांत, शिमगा, पाडवा असं सणांनी मोजलं आहे. संक्रांत सोडली तर ते आठ-पंधरा दिवस मागंपुढं होतात. चालायचंच.

मृगात पहिला दणका पडून ऊन पडलं की काळ्या भुईवर मृगाचे किडे निघतात. मखमली लाल, करंगळीच्या नखापेक्षा लहान. पोरं त्यांना काडीपेटीत भरतात, मीही भरले होते. वाकून पाय मोजले की ते आठ भरतात. म्हणजे हा कीटक नव्हे, गोचीड-कोळ्यांच्या नात्यातला. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो. वर येतो तो चार दिवस, वाळवी खायला आणि जोडी जमवायला. त्याची पिल्लं नाकतोड्यांसारख्या किड्यांच्या अंगावर चिकटून वाढतात. उदगीरकडचे उर्दू बोलणारे त्याला बीरबहूटी म्हणतात आणि युनानी औषधासाठी तो गोळाही केला जातो. या पुस्तकात त्याचे फोटोच आहेत. चार दिवसांच्या पाहुण्याला डबीत घालण्यात काही अर्थ नाही.

पुढच्या पावसाळी नक्षत्रांत उचलण्यासारखं फार नसतं. चिखल असतो, सगळं हिरवं आणि कच्चं असतं. अपवाद गोगलगायींचा. 2022 च्या जुलैत लातूर, बीड, उस्मानाबादच्या शेतांत शंखी गोगलगायींनी नुकतंच उगवलेलं सोयाबीन फस्त केलं. रात्री बॅटरी घेऊन माणसं त्या वेचत होती आणि मिठाच्या पाण्यात टाकत होती. मूळची आफ्रिकेतली ही जात. ऊन तापू लागल्यावर त्याच बांधांवर रिकामे शंख पडून राहिले, तपकिरी पट्टे उडून चुन्यासारखे पांढरे झालेले. त्यातला एक या पुस्तकात आहे. दिसायला तो फार देखणा आहे. ज्याचं दुबार पेरणीचं बियाणं गेलं त्याला तो दाखवायचं धाडस मी केलेलं नाही.

खरा हंगाम उघडतो तो चित्रा-स्वातीत. गवत पिवळं पडतं, पायजम्याला कुसळं लागतात, चपलेला सराटे. कुसळी गवताचं एक कुसळ तळहातावर घ्या. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि त्याला जोडलेली बोटभर लांबीची काळपट शेपटी, दोरीला पीळ द्यावा तशी वळलेली आणि मधेच काटकोनात मोडलेली. आता तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. क्षणभर काही होत नाही. मग शेपटीचा मोडलेला शेंडा घड्याळाच्या काट्यागत फिरू लागतो, डोळ्यांना दिसेल इतक्या वेगानं. पीळ सुटतो. वाळल्यावर तो उलट्या दिशेनं पुन्हा बसतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या येरझाऱ्यांत बी असं फिरत फिरत मातीत शिरतं. मागं वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. मेंढ्यांच्या कातडीतही ते याच रीतीनं घुसतं. हा प्रकार फोटोत पकडता येत नाही, म्हणून तिथं एकाच कुसळाचे ओळीनं फोटो लावले आहेत. तरी ज्याला शक्य असेल त्यानं थेंबाचा प्रयोग स्वतःच करावा.

हे करत माळावर बसलो असताना मेंढरं घेऊन निघालेले एक म्हातारे थांबले. “काय हारवलंय का मालक? कवाधरनं काय हुडकायलाव?” मी कुसळ दाखवलं. ते बघून म्हणाले, “आमी जलमभर ही काडायलाव, तुमी जमा करायलाव!” आणि मेंढरांमागं गेले. या छंदावर याहून नेमकं परीक्षण अजून कुणी केलेलं नाही.

हिवाळ्यात विहिरीवरच्या बाभळींवरून सुगरणीची घरटी वाऱ्यानं खाली येतात. विणतो नर, गवताच्या आणि ज्वारी-उसाच्या पानांच्या पट्ट्या चोचीनं चिरून आणतो. अर्ध्यावर आलं की मादी पाहायला येते. पसंत पडलं तर नळी जोडून घर पुरं होतं, नाहीतर तो ते टाकून दुसरं घेतो. म्हणून खाली पडलेल्यांत नळी नसलेली, टोपासारखी अर्धवट घरटी पुष्कळ सापडतात. ती नाकारलेली स्थळं. पुरं झालेलं घरटं उजेडाकडे धरलं तर आतल्या भिंतीला वाळलेल्या चिखलाचे गोळे दिसतात. सुगरण त्यात काजवे चिकटवून दिवा लावते असं आमची आजी सांगायची. अभ्यासक म्हणतात, त्या वजनानं घरटं वाऱ्यात कमी हेलकावत असावं. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, लातूर-धाराशिवकडची गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. भज्जी, उंडे, आंबील पोटात गेलं की माणसं झाडाखाली आडवी होतात. वेचायला त्याच्यासारखा दुसरा दिवस नाही. सगळी पोरं शिवारात असतात, आणि पोरांचे डोळे जमिनीच्या जवळ असतात.

शिमग्याच्या सुमाराला पळस पेटतो, त्याचे फोटो सगळेच काढतात. मला त्याची शेंग जास्त आवडते. फुलं झडून चैत्र-वैशाखात ती तयार होते: चपटी, वर बारीक लव, आणि सबंध शेंगेत एकच बी, तेही अगदी टोकाला. बाकीची शेंग कशासाठी, तर वाऱ्यावर जाण्यासाठी. बी खाली आणि पंख वर अशी ती गरगरत उतरते. हीच पळसपापडी; जंतांवर देतात. याच दिवसांत रुईची बोंडं उकलतात आणि म्हाताऱ्या उडतात, काटेसावरीचा कापूस बांधाच्या काट्यांना अडकतो, बहाव्याच्या हातभर लांब काळ्या शेंगा वाऱ्यात एकमेकींवर आपटून वाजतात. झाडांनी बी पसरवायचं काम नेमकं कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांवर सोपवलेलं आहे, ते मृगाच्या आत उरकण्यासाठी. उन्हाळ्यात माळ मेलेला असतो असं म्हणणाऱ्यानं हे एकदा मोजून बघावं.

दगडांना ऋतू नसतो, पण सापडण्याला असतो. उन्हाळी नांगरट झाली आणि वळवाचा पाऊस पडून गेला की धुतलेल्या ढेकळांत गारगोट्या चमकतात. हा सगळा प्रदेश सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, पुढं त्या पोकळ्यांतून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि थरांवर थर बसून त्या भरल्या. एखादी गारगोटी फुटलेली मिळाली तर थर मोजता येतात, आणि मधे जागा उरली असेल तर तिथं स्फटिकाचे दात असतात. अंधाऱ्या खोलीत दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासल्या तर दगडाच्या आतून फिकट पिवळा उजेड येतो आणि जळकट वास सुटतो. याला वीज लागत नाही, पोरं खूश होतात. पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे गेलं की लाव्हाची चादर संपते आणि खालचा त्याहून कितीतरी पुराणा ग्रॅनाइट उघडा पडतो. दोन तासांच्या प्रवासात दगडाचा रंग काळ्यावरून गुलाबी-करडा होतो.

नदीच्या दरडीतल्या गोष्टी वेगळ्याच. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या काठी हरवाडीला गाळ-गोट्यांच्या थरांतून हत्ती, पाणघोडा, रानबैल यांची अश्मीभूत हाडं निघाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. मांजऱ्यात पाणघोडे! ज्या नदीत दुष्काळात टँकर भरायला पाणी नसतं, तिच्या काठचा हा पुरावा. असं काही जड, दगडासारखं हाड कुणाला दिसलं तर ते उपसू नये. जागेचा फोटो काढावा, दरडीत किती खोल होतं ते टिपावं आणि जाणत्यांना कळवावं. उपटून घरी आणलेलं हाड म्हणजे ग्रंथातून फाडून आणलेलं पान.

उचलायचं काय आणि सोडायचं काय, याबद्दल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला स्पष्ट मतं आहेत. पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं शिकारीतच मोडतं. आमच्या शिवारात काळविटं बरीच. त्यांची शिंगं चितळ-सांबरांसारखी गळत नाहीत, म्हणजे काळविटाचं शिंग सापडलं की जनावर मेलेलं असतं. त्याला हात न लावता वनखात्याला सांगायचं. मोराचं आपोआप गळलेलं पीस ठेवायला हरकत नाही, एवढी सवलत आहे. सुगरणीच्या पडलेल्या घरट्यांचे आणि सापाच्या कातीचे मी फोटोच घेतले. कात बहुधा तुरीच्या पाट्यांत किंवा दगडी बांधाच्या फटीत मिळते. साप तोंडाकडून सुरुवात करतो, ओठ दगडाला घासून कातडं सोडवतो आणि पुढं निघून जातो. पायमोजा काढावा तशी ती उलटी होत येते. डोळ्यांवरची पारदर्शक खवलंसुद्धा तिच्याबरोबर निघतात. जवळून घेतलेल्या फोटोत ती दोन भिंगं स्वच्छ दिसतात. कात ताणली गेल्यामुळे सापापेक्षा लांब भरते. गावात सांगितली जाणारी सापांची लांबी थोडी कमी करून ऐकावी ती यासाठीही.

फोटोंबद्दल. सगळे मोबाइलवर काढले आहेत. काळी माती मोबाइलला चकवते. एवढं काळं दिसल्यावर तो चित्र उजळ करतो, माती राखाडी होते आणि तिच्यावरचं पांढरं पीस जळून जातं. पडद्यावर पिसावर बोट ठेवून उजेड खाली ओढला की दोन्ही जागेवर येतात. ऊन सकाळी नऊच्या आतलं किंवा दिवस कलल्यावरचं, तिरपं. शेंगेवरची लव आणि दगडावरचे थर त्याच उन्हात उठतात. घरी आणलेल्या वस्तूंसाठी जुन्या धोतराचा तुकडा अंथरला. मापासाठी पाच रुपयांचं नाणं ठेवायची पद्धत आहे, पण सरकारनं पाचाची नाणी इतक्या तऱ्हांची काढली आहेत की कोणतं ते सांगावं लागतं. सेंटिमीटरच्या खुणा केलेली कागदाची पट्टी बरी.

या तऱ्हेच्या फोटोंचा एक पूर्वज सांगायलाच हवा. बर्लिनच्या कलाशाळेत शिकवणारा कार्ल ब्लॉसफेल्ट हा गृहस्थ बर्लिनच्या बाहेर, रेल्वेच्या कडेला उगवलेलं रानटी झाडझाडोरं गोळा करी आणि स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं बिया, कळ्या, फुटवे कितीतरी पट मोठे करून टिपी. विद्यार्थ्यांना नक्षीकामासाठी नमुने हवेत, एवढाच हेतू. 1928 साली त्याचं पुस्तक निघालं आणि साठी ओलांडलेला हा मास्तर एकदम प्रसिद्ध झाला. त्याची पार्श्वभूमी कोरी, उजेड सपाट. त्याच्याकडून शिस्त घेण्यासारखी आहे. पण त्याची वस्तू कुठली, कोणत्या दिवसाची, ते चित्रावरून कळत नाही. त्याला त्याची गरज नव्हती. आपल्याला आहे.

म्हणून प्रत्येक फोटोखाली तारीख, नक्षत्र किंवा सण, शिवाराचं नाव, जवळचं झाड आणि जमीन काळी का मुरमाड, एवढं दिलं आहे. कोणाला हे करायचं असेल त्यानं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, या नोंदींची चिठ्ठी विसरू नये. बिनचिठ्ठीची पळसपापडी आणि बाजारातून आणलेली पळसपापडी यांत काही फरक नाही. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहावी, शाई पावसाळ्यात फुटते. पानं वर्तमानपत्रात दाबताना श्रावणात कागद रोज बदलावा, नाहीतर बुरशी धरते. बिया कडक ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवाव्यात. तरी पळसाच्या आणि चिंचेच्या बियांना भुंगा लागतोच. बी पोखरून तो बाहेर पडला की गोल भोक राहतं, त्याचाही फोटो काढावा. तो या पुस्तकात आहे.

पुस्तक पाडव्यापासून नाही, मृगापासून सुरू होतं, कारण आमच्याकडे वर्ष तिथूनच सुरू होतं. वाचकानं मात्र ज्या दिवशी हातात पडेल त्या नक्षत्राचं किंवा सणाचं पान काढावं आणि बाहेर पडावं. चित्रा-स्वातीत आलात तर जाड तळाची चप्पल घाला, आणि पायजमा सुती नको. कुसळं काढता काढता दिवस जातो.